माझ्या जावेची मुंबई

माझ्या धाकट्या जावेने मुंबई माझ्याआधी पाहिली, हे मी तिला अजून माफ केलेलं नाही. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो, एकमेकींच्या गुडघ्यांना तेल लावून देतो, तरी नाही.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. आमचं गाव गोंडपिपरीकडचं, लहानसं. शेजारच्या मोठ्या गावातून दर वर्षी आमच्या समाजाचा जत्था सहा डिसेंबरला चैत्यभूमीला निघायचा आणि आमच्या गावातलं एखादं माणूस त्यात मिसळायचं. चांद्याला गाडीत बसायचं, वर्ध्याला गाडी बदलायची. दर्शन झालं की परतीच्या गाडीपर्यंत मुंबई बघायची, हा ठरलेला रिवाज. गेटवे, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, काचेतले मासे आणि सगळ्यांत शेवटी जुहूला एका हिरोचा बंगला. जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघणारी माणसं आम्ही. आमच्या लेखी हिरो दोनच, एक मारणारा आणि एक रडणारा. हा मारणारा होता.

अडचण अशी, की डिसेंबर म्हणजे आमच्याकडे धान चुरायचे, मळणीचे दिवस. खळ्यावर पेंढ्यांचे पुंजणे रचलेले असतात, बैल फिरत असतात, घरातली एक बाई गेली तर दुसरीने हलायचं नाही. त्या वर्षी आमच्या घरातून कोण जाणार, हे सासूबाईंनी चुलीपाशी बसून ठरवून टाकलं.

"तुले खळ्यातलं समजते," मला म्हणाल्या. "तिचं काय काम हाये इथी? जाऊ दे तिले."

कामाला चांगली असण्याचं हे मला मिळालेलं बक्षीस. जिला धड सूप धरता येत नव्हतं ती नवं लुगडं नेसून मुंबईला गेली, आणि मी डोक्याला फडकं बांधून धान उडवत बसले. ती परत येईपर्यंत मी एकही घास गोडीने खाल्ला नाही.

आली, आणि खळ्यातल्या बायांनी तिला मधे बसवलं. तिनं सांगायला सुरुवात केली. सांगण्याची तिची एक तऱ्हा होती. आवाज चढवायची नाही, हातातलं काम थांबवायची, बस. मग आपोआप बाकीच्यांचंही काम थांबायचं. म्हातारीच्या बुटात चढून खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ते तिनं सांगितलं. काचेतला मासा तिच्या तोंडासमोर येऊन तोंड उघडतो नि मिटतो, ते तिनं करून दाखवलं. दोन मजल्यांच्या बशीत ती वर, अगदी समोर बसली होती म्हणे. आणि शेवटी बंगला.

"गच्चीवर आला तो," ती म्हणाली. "पांढरा लेंगा घालून. उजव्या हातात कप होता, म्हणून डावा हात दाखवला त्यानं."

"तुले?" एकीनं विचारलं.

"आता मीच होती ना वो समोर."

कप होता म्हणून डावा हात. हे असलं ऐकलं की माणूस शंका कशी घेणार? मी तर ऐकता ऐकता तो कप पाहिला, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या हंगामात बाया दुसऱ्यांच्या खळ्यावरूनही तिला बोलावू लागल्या. तिनं काम करावं म्हणून नव्हे, बसून सांगावं म्हणून. होळी आली तरी मुंबई संपेना. विहिरीवर, नदीवर, लग्नाच्या मांडवात, कुठेही गेलं तरी हिरोचा डावा हात माझ्या आधी तिथे पोचलेला असायचा. गोरी होती ती, केस कमरेखाली. दिसायला देखणी असण्यापर्यंत मी सोसलं होतं. हे मात्र सोसवेना.

पुढच्या वर्षी मी सासूबाईंना आधीच सांगून ठेवलं, "या साली मी जाणार. खळं राहो का जाओ." माझा चेहरा बघून त्यांनी खळ्याचं काम जावेवर टाकलं.

चैत्यभूमीच्या रांगेत मी उभी राहिले आणि रडले. ते रडणं खरं होतं, त्यात जाऊ नव्हती, कोणीच नव्हतं. पण दर्शन करून बाहेर आले, मैदानातल्या आमच्या बिऱ्हाडापाशी बसून भाकर खाल्ली, आणि मन पुन्हा जागेवर आलं, म्हणजे बंगल्यावर गेलं.

जत्थ्याची म्होरकी एक वयस्क बाई होती. सगळ्यांची बोचकी एका जागी रचत ती मला म्हणाली, "तू बस इथी राखण. तुयी जाऊ मागच्या साली बसली होती, लय इमानदारीनं बसली. एक चप्पल नाई गेली."

मला आधी कळेचना. "बसली होती? मग बंगला पाहाले कवा गेली?"

"कायचा बंगला? ते कुठीच नाई गेली. आम्ही येऊन सांगतलं तिले सारं. लय खोदून खोदून विचारे वो. आन् बंगल्याचं काय सांगाव, फाटक बंद होतं."

माझ्या पोटात असं गार वाटलं म्हणून सांगू. वर्षभर जळत असलेल्या जागी कोणीतरी घडाभर पाणी ओतलं. ती कुठेही गेली नव्हती! मैदानात धूळ खात चपला मोजत बसली होती. मी बोचक्यांपाशी बसायला साफ नकार दिला. पाय सुजलेली एक म्हातारी आपणहून बसली आणि मी जत्थ्याच्या सगळ्यांत पुढे चालू लागले.

मी सगळं पाहिलं. गेटवेपाशी उन्हात उभी राहिले. बुटात चढायला लहान पोरांची एवढी गर्दी, की खिडकीपर्यंत पोचलेच नाही. मासे मागच्या बाजूला जाऊन बसले होते. बंगल्याचं फाटक बंद, बाहेर एक रखवालदार चणे खात बसलेला. तो आमच्याकडे बघेना. आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो, मग कोणीतरी म्हणालं, गाडी चुकेल.

परतताना दोन मजल्यांची बस मिळाली. मी वर, सगळ्यांत समोर जाऊन बसले. वळणावर बस समोरच्या घरात घुसते की काय असं वाटतं, पाय आपोआप वर घेतले जातात. वाटेत कुठेतरी बस थांबली, ती नेमकी एका चाळीच्या खिडकीला लागून. आत एक बाई सुपात तांदूळ निवडत होती. आमच्याकडे निवडतात तसेच, खडा सापडला की बोटाने बाजूला. तिनं वर पाहिलं. मी का कोण जाणे, हात वर केला. तिनं सूप मांडीवर टेकवलं, बोटांना लागलेलं तांदळाचं पीठ पदराला पुसलं, आणि हात दाखवला. मग बस निघाली.

मुंबईत मला हात दाखवला तो एवढाच. मी तो जपून ठेवला. हिरोच्या हातापुढे त्याची काय किंमत, म्हणून कोणाला सांगायचा नाही असं ठरवलं.

घरी आले तेव्हा खळं चालूच होतं. बायांनी मला मधे बसवलं. मी ठरवून आले होते, की खरं सांगायचं आणि शेवटी जावेचं बिंग फोडायचं. मी सांगितलं, फाटक बंद होतं, हिरो दिसला नाही. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. मग एक जण जावेकडे बघून म्हणाली, "हिले त दाखवला होता हात. आता चेहरा पाहूनच दाखवत असन ना बापा."

सगळ्या हसल्या. मी तोंड उघडलं. जावेचं सूप हवेतच थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला काय ठाऊक आहे हे तिला त्या क्षणी कळलं. शब्द अगदी ओठांवर होते. तेवढ्यात माझी नजर सासूबाईंकडे गेली. त्यांना हे कळलं तर त्या काय म्हणतील ते मला तोंडपाठ होतं. बिचारीनं काहीच पाह्यलं नाई, पुढच्या सालीही तिलेच पाठवा. मी तोंड मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या शेजारी चुलीशी बसली. लाकडं सारत हळूच म्हणाली, "बाई, बशीत वर बसलं का कसं वाटते वो?"

"काऊन, तू बसली होती ना?"

ती फुंकणीने विस्तव फुंकत राहिली. डोळे धुराने लाल झाले, का कशाने, मी विचारलं नाही. मला एवढंच वाटलं, की आज हिला जळू दे. एकदा तरी माझ्यापाशी असलेल्या गोष्टीसाठी हिचा जीव तळमळू दे. म्हणून मी तिला सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. वळण, वर घेतलेले पाय, चाळीची खिडकी, सूप, पदराला पुसलेली बोटं, हात. ती ऐकत होती आणि तिचा चहा निवत होता. मला फार बरं वाटलं.

त्या दुपारी खळ्यावर कोणीतरी तिला म्हणालं, "तो हिरो सांग ना वो आणखीन."

"हिरोचं काय," ती म्हणाली आणि तिनं सूप मांडीवर टेकवलं. "एक गोष्ट मी तुमाले सांगतलीच नाई."

मग तिनं ती खिडकी सांगितली. माझ्याहून चांगली सांगितली. तिच्या सांगण्यात त्या बाईच्या मागे पाळणा हलत होता, आणि पिठाचं एक बोट पदराला पुसायचं राहून गेलं होतं. बैल हाकणारेही उभे राहिले. एका म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. हिरोसाठी कोणी रडलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या बाईनं मला कोपर मारलं. "तू बी बसली होती ना त्या बशीत? तुले नाई दिसली का वो ते बाई?"

जाऊ माझ्याकडे बघत होती. आता मी ती खिडकी माझी म्हटली असती तर सगळ्यांनी मलाच तिची नक्कल करणारी ठरवलं असतं.

"नाई," मी म्हणाले. "मी गेली तवा खिडकी बंद होती."