बांबूच्या रानातला खजूर

बाळांनो, देव हाकेला धावून येतो असं मी तुम्हाला कधी छातीठोकपणे सांगितलं नाही, कारण मलाच त्याची खात्री नव्हती. बकरी ईदला जोडून काढलेल्या पंधरा दिवसांच्या रजेत तुमचे आजोबा आणि मी शारजाहून युगांडाला गेलो, डोंगरावरच्या बांबूच्या राखीव रानात गोरिला पाहायला. तेव्हाही माझा सगळा भरवसा होता नीट भरलेल्या बॅगेवर. त्यात ग्लुकोज होतं, बिस्किटं होती, आजोबांच्या मधुमेहाच्या गोळ्या होत्या.

गोरिलांजवळ खायचं काही नेऊ देत नाहीत. बॅगा हमालांपाशी ठेवून आम्ही वाटाड्यामागे वर चढलो. परतताना धुकं उतरलं. "यल्ला, चला, पाय उचला," असं मला चिडवणारे आजोबा एकाएकी मागे पडू लागले. अंग घामाने थंडगार पडलं, शब्द अडखळू लागले आणि ते चिखलातच बसले.

"सकाळी काय खाल्लंत?"

"आज संकष्टी," ते पुटपुटले. गोळी मात्र घेतली होती. उपासाला औषध चालतं ना!

वाटाड्या बॅग आणायला खाली धावला. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. रोजचं तोंडपाठ स्तोत्र, पण एकही ओळ आठवेना. "आता तूच बघ रे," एवढंच मी मोठ्याने म्हणाले.

"काय झालं, भाभी?" धुक्यातून मराठी ऐकू आलं. वरून उतरणाऱ्या दुसऱ्या गटातली, डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई. रायगडची, राहायला आमच्यासारखीच अमिरातीत, अल ऐनला. साखर उतरल्याचं सांगताच तिने कोटाच्या खिशातून खजुराची पुडी काढली. "गाडीत ठेवायची होती, विसरूनच गेले बघा."

आजोबांनी ओठ घट्ट मिटले. "चंद्र... अजून..."

"चंद्राला मी सांगते! आमच्या शेजारच्या काकू उपासाला खजूरच खातात. उघडा तोंड, भाईजान!"

तिने बी काढून खजूर बोटांनी मऊ केला आणि भरवला. एक, मग दुसरा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. तिला गटातून हाका येत होत्या. नाव विचारायच्या आत ती धुक्यात उतरून गेली.

याला चमत्कार म्हणायचं की योगायोग, ते तुम्ही ठरवा. माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं तेव्हा मला सांभाळलं गेलं, एवढं मी जाणते, आणि रोज त्यासाठी हात जोडते.

दुपारी लॉजवर आजोबांनी स्वतःहून भात मागवला. ताटापुढे डोळे मिटले, नमस्कार केला आणि चंद्राची वाट न पाहता पहिला घास घेतला.