जांभळीची दाढी

धुकं असं उतरलं होतं की समोरची भिंतसुद्धा दिसेना. तिनं बाहीनं खिडकीची काच पुसली, कुंड्यांतली माती बोटानं चाचपली आणि एकेक कुंडी उजेडाकडे वळवली. रोजचं पहिलं काम हेच. मग शिंप्याकडून आलेल्या शर्टांना काजं-गुंड्या करायच्या. दिवसभरात कुणाशी बोलायचं म्हटलं तर सुईशीच.

जांभळी फुलली होती. वीतभर झुडूप, गुंडीएवढी निळी-जांभळी फुलं, मधोमध पिवळेधमक केसर. नवरा काचघरात माळीकाम करायचा, तिथून त्यानं ती आणली होती. उष्ण मुलखातली जात; थंडी खपत नाही, पाणी साचलेलं सोसत नाही आणि एकदा फुलून झाली की मरते. बी असतं तपकिरीसारखं. मातीवर नुसतं भुरभुरायचं, वरून माती लोटायची नाही, काचेनं झाकायचं. एवढं तिला पाठ होतं.

पण तो गेल्यापासून बीच धरेना. मागच्या साली फुलं आली तशी गळाली. तिनं पाण्याला दोष दिला, उन्हाला दिला, स्वतःच्या हाताला दिला. डबीतली शेवटची चिमूट यंदा पेरून झाली होती. आता बी धरलं नाही, तर त्याच्या हातचं घरात हिरवं असं काहीच उरणार नव्हतं.

शिवलेले शर्ट पोचवायला ती जिना उतरली. खाली न्हाव्याचं दुकान. त्याच्या दारापाशी पाय थबकला. आतून गुरगुर येत होती, मधेच खरखरणारी. नवऱ्याचं हे दाढीचं मशीन तिच्या ओळखीचं होतं. पडून राहण्यापेक्षा कुणी वापरावं, म्हणून तिनंच ते देऊन टाकलं होतं.

रोज सकाळी नवरा खिडकीशी दाढी करायचा. झाली की चालू मशीनची पाठ जांभळीच्या एकेका फुलाच्या देठाला टेकवायचा आणि म्हणायचा, "मान वर करा, साहेब." ती म्हणायची, "आधी चहा घ्या, मग चाळे करा." तिला तो चावटपणाच वाटायचा. आणि त्या अबोल माणसानंही कधी उलगडून सांगितलं नाही. पण तेव्हा दर साली बी धरायचं.

"वहिनी? वाट चुकलात की काय?" न्हावी म्हणाला. खुर्चीत अर्धी मान भादरलेलं गिऱ्हाईक होतं.

"ते मशीन... त्यांचंच ना?"

"त्यांचंच. जन्मात माझ्या खुर्चीत बसला नाही गडी. म्हणायचा, तू फार बोलतोस. मशीन मात्र आलं माझ्याकडेच."

"आज देता का? दाढी करायचीय."

खुर्चीतल्या गिऱ्हाईकानं मान वळवली.

"कुणाची हो, काकू?" गिऱ्हाईकाला राहवेना.

"जांभळीची. आमच्या झाडाची."

"बिनपाण्यानं?"

"गप रे! हलू नकोस, कान जाईल," न्हाव्यानं त्याची मान खाली दाबली. उरलेली अर्धी उरकली, मशीन पुसून तिच्या हातात दिलं. "परत करायची घाई नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण आणा. तेवढीच खाली एक फेरी होईल तुमची."

वर येऊन तिनं मशीनची पाठ देठाला लावली. फूल थरथरलं. केसराच्या टोकाला सुईच्या नेढ्याएवढी भोकं होती, इतक्या वर्षांत तिला कधी दिसली नव्हती. त्यातून पिवळी भुकटी धुरासारखी उडाली. एरवी भुंगा फुलावर गुणगुणत बसला की ती सुटत असणार. बंद खिडकीत कुठला यायला भुंगा? तिनं बोटावर भुकटी टिपली आणि बाजूला कललेल्या हिरव्या काडीच्या टोकाला लावली.

"मान वर करा," ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. बऱ्याच दिवसांत वापरलाच नव्हता.

फुलं यथावकाश गळाली. पण या खेपेला देठांवर हिरवे मणी राहिले, फुगत गेले, करडे होऊन वाळले. एक चिरला तसं तळहातावर तपकीर सांडली. तिनं ती श्वास रोखून डबीत भरली.

मशीन आता परत करायचं. वायर गुंडाळण्याआधी तिनं एकदा बटण दाबलं. दाढी करायला फूलही नव्हतं. रिकाम्या घरात गुरगुर भरली, तिनं थोडी ऐकली, बंद केली. मशीन दाराशी ठेवून तिनं शर्टांचा ढीग पुढ्यात ओढला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली.