कपाळावरच्या पट्ट्या

सांगोल्याकडचं गाव सोडून कारंज्याच्या हायवेवर पंक्चरचं दुकान टाकलं, त्याला नऊ वर्षं झाली. शाळा सहावीतच सुटलेली. त्यामुळे डॉक्टर बोलायला लागले की मी आधी घाबरतो, मग ऐकतो. बायकोच्या मेंदूतली नस एका जागी फुगली होती आणि फुटायच्या आत तिला चिमटा लावायचा होता. एवढं मात्र लगेच कळलं. फुगलेली ट्यूब मी रोज बघतो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "चिमटा लावताना काही मिनिटं तिकडचं रक्त थांबवावं लागेल. तेवढ्यात मेंदू उपाशी राहिला तर बोलणं जाऊ शकतं, उजवा हात जाऊ शकतो."

"मग काय करायचं हो?"

"औषधानं मेंदूला गाढ झोपवतो. झोपलेल्याला भूक कमी लागते. बीपी पडू देत नाही. आणि कपाळावर पट्ट्या लावतो. आत ऑक्सिजन कमी पडला की त्यावरून आम्हाला कळतं."

सकाळी सिस्टर कपाळ पुसायला आली, तर हिनं कुंकवावर हात ठेवला. आदल्या दिवशीच मेण लावून ठसठशीत भरलेलं.

"हे असताना कुंकू पुसू देणार नाही मी."

"अवो बाई, ते समोरच तर उभे हायेत. कुठी पळून राह्यले का?" सिस्टर म्हणाली. "पट्टी चिकटाले कपाळ साफ पाह्यजे. मंग मशीनले आतलं कसं समजन?"

ही हात काढेना. बाहेर स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. शेवटी मी सिस्टरकडून कापसाचा बोळा मागून घेतला आणि हिला विचारलं.

"मी पुसलं तर चालेल ना?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतला. माझ्या बोटांना ग्रीसचा वास कायमचा. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण तिच्या कपाळाला असा हात मी कधी लावला नव्हता. मेण लवकर निघेना. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"हळू," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन संध्याकाळी संपलं. मला भेटू दिलं ते दुसऱ्या दिवशी. डोक्याला पट्टी, डोळे सुजलेले. सिस्टरनं तिला उजवा हात उचलायला सांगितला. उचलला, थोडाच, पण उचलला. मग सिस्टरनं माझ्याकडे बोट करून विचारलं, "हे कोन होय, बाई?"

ती बघत राहिली. बराच वेळ.

"दाढी केली नाही ह्यांनी," ती म्हणाली.

मी सिस्टरच्या पाया पडायला वाकलो, तर ती मागे सरकली.

"उठा काका. मले अजून चार पेशंट पाहाचे हायेत. तिच्याशी बोला, तिले बोलतं ठेवा."

मग मी दुकानाचंच सांगत बसलो.