पाचरीवरचा हिरवा रंग

"साहेब, इथं सही करा," एचआर मॅनेजरने कागद पुढे सरकवला. "रफिकभाईंनी जाणूनबुजून सेफ्टी बंद केली. उद्या कामावरून कमी करतो."

मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. आदल्या दिवशी प्रेसमध्ये रफिकभाईंच्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं होतं. पत्रा दाबणाऱ्या या मशीनला दोन बटनं असतात. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहतात. इथं डाव्या बटनात लाकडी पाचर ठोकलेली सापडली, म्हणजे ते कायम दाबलेलंच. एका हाताने काम उरकतं ना!

"जाणूनबुजून म्हणजे काय, ठाऊक आहे ना?" मी म्हणालो. "धोका माहीत पाहिजे आणि तरी मुद्दाम केलेलं पाहिजे. आधी त्यांना विचारू."

रफिकभाई पन्नाशीचे. हाताला पट्टी बांधून बाकावर बसले होते. "कसम से साहेब, मी आलो तवापासून ते असंच हे. शिकवणाऱ्यानं बी एकाच बटनावर दाखवलं. मला वाटलं डावं बंदच पडलंय. नोकरी गेली तर या बोटाला कोन काम देणार?"

आरोप झाला की सगळेच असं म्हणतात. मी पक्कड घेऊन मशीनपाशी गेलो. पाचर ओढली तर रंगाचा पापुद्रा निघाला. वरून हिरवीगार, आत कोरडं लाकूड. आमच्याकडे खंडेनवमीला मशीन धुऊन, रंगवून पुजतात. कुणीतरी पाचरीसकट रंग मारला होता. म्हणजे पाचर दसऱ्याआधीची. रफिकभाई पॅकिंगमधून प्रेसवर आले ते दिवाळीनंतर.

बरं वाटलं, पण मिनिटभरच. मशीनला अडकवलेल्या चेकलिस्टवर दर महिन्याला लिहिलं होतं, 'दोन्ही बटनं तपासली, ठीक.' खाली माझी सही. त्या सह्या मी केबिनमध्ये चहा पिता पिता ठोकल्या होत्या. पूजेला त्याच मशीनला मी हळदकुंकूही वाहिलं होतं.

आसपास कुणी नव्हतं. पाचर खिशात घातली असती तर प्रश्नच मिटला असता. खोटं कशाला बोलू, हात खिशापर्यंत गेला होता.

रिपोर्टला मी पाचर आणि माझी चेकलिस्ट, दोन्ही जोडल्या.

"अहो, यात तुम्हीच अडकताय," मॅनेजर म्हणाला.

"न बघता सही करतोय हे मला माहीत होतं. त्यांना काहीच माहीत नव्हतं."

पाचर कुणी ठोकली ते कळलं नाही. रफिकभाई पॅकिंगला परत गेले. मला वॉर्निंग लेटर मिळालं आणि प्रमोशन हुकलं. लाज वाटली, ती अजून वाटते.

पुढच्या महिन्यात चेकलिस्ट घेऊन मशीनपाशी उभा होतो. एकेक बटन वेगळं दाबलं, प्रेस हलली नाही. मागून रफिकभाई म्हणाले, "साहेब, पेन विसरलात काय?"

"नाही," मी म्हणालो. "ते आता शेवटी काढतो."