पान एक्केचाळीस

ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात पारखीबाईंचे टेबल खिडकीपासून सर्वांत दूर होते. उजेड ज्याला लागतो त्याने खिडकी घ्यावी, असे त्यांचे रोकठोक मत. म्हणून खिडकी काकांकडे. काका डोळस. ते मूळ छापील प्रत समोर धरत, जन्मांध पारखीबाई ठिपक्यांवरून बोटे फिरवत मोठ्याने वाचत, आणि जुळले नाही तिथे काका खूण करत. बावीस वर्षे हीच जोडी होती. बाईंच्या होकाराशिवाय एकही पान छपाईला जात नसे.

केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर नेमकी ती बोटे बधिर झाली.

“हातमोजे घालून वाचल्यासारखं वाटतंय,” त्या लेकीला म्हणाल्या. उलट्यांनी तर जीव नकोसा झालाच होता. पण उलट्यांनी माणूस वाळतो, एवढेच. बोटे गेली तर पारखीबाई उरतच नाही, हे भय त्यांनी कुणाला बोलून दाखवले नाही. दोन महिन्यांनी शाळेचे गणिताचे पुस्तक तपासायला येणार होते. ते आपण घेणार की नाही, हे तोवर व्यवस्थापकांना कळवायचे होते.

कर्करोगाच्या डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयातल्याच अ‍ॅक्युपंक्चरच्या खोलीत पाठवले. तिथल्या डॉक्टरीणबाई आधी रक्ताचा अहवाल वाचत. एका आठवड्यात पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या, तेव्हा त्यांनी सुई न लावताच परत धाडले. वचने देण्यातही त्यांचा हात आखडता होता.

“मळमळीवर उपयोग होतो, असे पुरावे बऱ्यापैकी आहेत. बोटांच्या बधिरतेबद्दल अजून कच्चे आहेत.”

“मग टोचता कशाला?”

“काहींना फरक पडतो म्हणून. तुम्हाला पडतोय का, ते तुम्हीच सांगायचं.”

हे उत्तर पारखीबाईंना पटले. मनगटाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, बोटांच्या बेचक्यांत केसासारख्या सुया बसल्या. वीस मिनिटे हालायचे नव्हते.

“डॉक्टर, एवढे ठिपके टोचलेत, अक्षर तरी धड काढलंत का?”

फरक मोजायचा तर काटेकोरपणे, असे ठरवून त्यांनी एका जुन्या वाचनमालेतले सुटे पान निवडले, पान एक्केचाळीस. रोज सकाळी तेच पान वाचायचे. लेकीने हातात छापील प्रत आणि समोर घड्याळ घेऊन बसायचे. “पट्टी बदलली तर मापाला अर्थ काय?” असा त्यांचा सवाल. लेकीला ब्रेलचे एक अक्षर येत नसे, यावरून मायलेकींत वर्षानुवर्षे कुरबुर होती. पण वेळ आणि चुका ती इमानेइतबारे टिपून ठेवी. पहिल्या दिवशी अकरा मिनिटे, नऊ चुका. आठव्या आठवड्यात चार मिनिटे, चूक एकही नाही. पारखीबाईंचा जीव भांड्यात पडला. व्यवस्थापकांना होकार कळवण्याआधी साक्षीदार हवा म्हणून त्यांनी काकांना घरी बोलावले.

लेकीने पान पुढ्यात ठेवले. पारखीबाईंची बोटे ओळींवरून सरसर फिरली, आवाज कुठे अडखळला नाही.

“चार मिनिटांच्या आत!” लेक ओरडली. “काका, आता तरी शाबासकी द्या!”

काका पानावर वाकले. बावीस वर्षांत ते ठिपके नजरेने वाचायला शिकले होते.

“काका, काय शोधताय?”

“बाई, वाचलंत झकास,” काका हळूच म्हणाले. “पण कागद उलटा आहे.”

“उलटा म्हणजे?”

“वरची ओळ खाली आहे.”

लेकीचा चेहरा पडला. “कालपासून मी ठेवतेय, आई. आधी तूच काढायचीस.”

पारखीबाईंनी पानावर तळवा ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. उलट्या ठिपक्यांतून अर्थ निघणेच शक्य नव्हते. पान तोंडपाठ झाले होते. बोटे नुसती सोबतीला फिरत होती. दुसऱ्यांच्या चुका धरण्यात हयात घालवलेल्या बाईला स्वतःची चूक दोन महिने सापडली नव्हती.

“काका, सरळ छापखान्यात जा आणि त्या गणिताचं पहिलं पान आणा.”

दहा आकड्यांपैकी तीन बरोबर आले.

“पुस्तक छापखान्यातल्या त्या धाकट्या वाचकाकडे द्या,” त्या म्हणाल्या. “शब्द चुकला तर मूल अंदाजाने पुढे सरकतं. आकड्यात अंदाज चालत नाही.” आवाज स्थिर होता.

पुढच्या भेटीत त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले, “तुमच्या नोंदीतला माझा बोटांचा रकाना खोडा. मी पाठांतर मोजत होते.”

“आणि उलट्या?”

“दिवसाला सातवरून दोनवर. पण त्याच आठवड्यात उलट्यांवरची गोळीही बदलली. श्रेय कुणाला द्यायचं?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “तुमच्यासारखे रुग्ण डोक्याला ताप असतात. मग, थांबवायचं?”

“छे! आता कुठे नीट मोजणार आहे.”

तेव्हापासून काका दर आठवड्याला कागदावर हाताने ब्रेलमध्ये टोचलेले दहा नवे आकडे आणू लागले. दहापैकी तीन, मग चार, पुन्हा तीन. केमोथेरपी संपली. सुया चालूच राहिल्या. पाच, चार, सहा. धाकट्या वाचकाने तपासलेले गणित छापून शाळांत गेले; त्याची एक प्रत पारखीबाईंनी मागवून घेतली, पण उघडली नाही.

पाचव्या महिन्यात काकांनी नेहमीप्रमाणे कागद पुढ्यात ठेवला. पारखीबाईंनी बोटे टेकवली, दुसऱ्या ओळीपर्यंत नेली आणि थांबवली.

“काका, उलटा ठेवलात.”

“सहज... बघावं म्हटलं.”

“लबाड आहात.” त्यांनी कागद स्वतःच फिरवला आणि दहापैकी नऊ आकडे वाचले; दहाव्यावर अडल्या, तेव्हा “कळत नाही” असे स्वच्छ सांगितले.

लेकीने वहीत नऊ लिहिले. शेजारी ‘कशामुळे’ असा रकाना होता.

“काय लिहू? सुया, की औषध थांबलं म्हणून?”

“ठाऊक नाही ना? मग कोरा ठेव,” पारखीबाई म्हणाल्या, आणि काकांकडे वळल्या. “दहावा पुन्हा टोचून आणा. धाकट्याला म्हणावं, पुढच्या पुस्तकाची पहिली दहा पानं मला दे. माझ्यामागून पुन्हा तूच तपास.”