डब्यातली वचनं आणि खालचा झाडू

आमच्या मंडळींचे किस्से मी काही मुद्दाम गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. फ्रिजमागे कोंबलेल्या पिशव्यांसारखे. एक ओढायला जावं तर चार अंगावर येतात!

मंडळी म्हणजे कोण? तर टोकियोच्या फुनाबोरी भागातली आम्ही चार-पाच मराठी ख्रिस्ती घरं. दर रविवारी दुपारी आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये प्रार्थना सभा असते. गीतं, वचन, प्रार्थना आणि मग चहा. इथल्या बाकीच्या मराठी लोकांना आधी नवल वाटायचं. "म्हणजे तुम्ही गणपतीला येणार नाही?" "येणार की, मोदकांशी आमचं काही भांडण नाही," असं मी सांगून टाकलं.

आता या सगळ्या किश्श्यांचं मूळ म्हणजे रत्नामावशी. मूळच्या नगरच्या, वय सत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे आणि आवाज असा की माइक लाजेल! मुलगा विनय टोकियोत बँकेत आहे, त्याच्याकडे त्या आमच्या शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्यांनी एक दिवस तांदळाच्या बिस्किटांचा रिकामा डबा आणला, त्यात वचनांच्या चिठ्ठ्या भरल्या आणि नियम काढला. दर रविवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, ते वचन आठवडाभर वापरायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्यायची.

"वापरायचं म्हणजे?" माझ्या नवऱ्याने, सुनीलने विचारलं.

"म्हणजे वापरायचं! वचन काय भिंतीवर टांगायला दिलंय देवाने?"

झालं! तेव्हापासून आमची जी काही फजिती सुरू झाली ती आजतागायत.

*

पहिली चिठ्ठी सुनीलचीच. कोणी तुला एक कोस चालायला लावलं तर त्याच्याबरोबर दोन कोस जा.

सोमवारपासून हा गृहस्थ ऑफिसातून येता-जाता तयारीत! स्टेशनवर रेंगाळायचा, नकाशापाशी उभा राहायचा, कोणी रस्ता विचारतंय का बघायचा. पण टोकियोत आपल्यासारख्या परदेशी माणसाला रस्ता विचारणार कोण? शुक्रवारपर्यंत कोणी फिरकलं नाही.

शनिवारी तो एका मित्राचं नवं घर शोधत निघाला आणि स्वतःच चुकला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. त्यांनाही पत्ता माहीत नव्हता. तर त्यांनी पोलीस चौकीत जाऊन विचारलं, सुनीलला पार दारापर्यंत पोचवलं आणि वरून उशीर झाल्याबद्दल वाकून माफी मागितली!

रविवारी सुनील साक्ष द्यायला उभा राहिला. "वचन शब्दशः पूर्ण झालं," म्हणाला. "फक्त माणूस दुसरा निघाला."

*

डॅनियल हा आमच्यातला एकटा जीव. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअरमध्ये आहे, लग्नाचा विषय काढला की चहाचे कप विसळायला उठतो. त्याला आलं मेजवानीचं वचन. मानाच्या जागी बसू नको, सगळ्यात खालच्या जागी बस, म्हणजे यजमान येऊन म्हणेल, 'मित्रा, वर ये.'

योग बघा, त्याच आठवड्यात त्याचा प्रोजेक्ट पार पडला म्हणून ऑफिसने पार्टी ठेवली. पाहुणा हाच! आतल्या बाजूची मानाची जागा याच्यासाठी राखलेली. हा गेला आणि थेट दारापाशी बसला.

बॉस म्हणाले, "डॅनियल-सान, इकडे या." हा म्हणाला, "नको नको, मी इथेच बरा." ते परत म्हणाले. हा परत म्हणाला, "नको नको."

आता तिथली पद्धत अशी की दारापाशी बसेल त्याने सगळ्यांची ऑर्डर द्यायची, ताटल्या पुढे सरकवायच्या, ग्लास रिकामे झाले की वेटरला हाक मारायची. बिचारा पार्टीभर उठबस करत होता! स्वतःच्या पार्टीत त्याच्या वाट्याला आल्या चार शेंगा आणि थंड भात.

"अरे, पण 'वर ये' म्हणाले होते ना ते!" मावशी म्हणाल्या.

"हो मावशी, दोनदा म्हणाले. मला वाटलं, आपल्यासारखं तिसऱ्यांदा म्हणतील!"

*

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण खाली एक माणूस हसत नव्हता. ओगावा-सान, आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे गृहस्थ. आमचं गीत रंगात आलं की खालून छताला ठोकायचे. ठक, ठक! मावशींच्या मते झाडूचा दांडा असावा, कारण आवाज पोकळ येतो.

मग बिल्डिंग सांभाळणाऱ्या कंपनीचा फोन आला. बाई इतक्या गोड बोलल्या की मला आधी वाटलं कसलं तरी अभिनंदन करतायत! मथितार्थ असा, की आवाजाची तक्रार आहे आणि आणखी एक तक्रार आली तर इथे लोक जमवणं बंद करावं लागेल. तक्रार कोणाची ते त्यांनी सांगितलं नाही. पण ठोकणारा तर एकच होता.

आम्ही घाबरलो. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, चटयांवर चटया टाकल्या आणि कुजबुजत गायला लागलो. देवाची स्तुती नव्हे, चोरांची बैठक वाटावी!

आम्हा बाकीच्यांचं एक वेळ चाललं असतं. लांबच्या एखाद्या चर्चला ट्रेन बदलून गेलो असतो. मावशींचे गुडघे स्टेशनचे जिने चढणार नव्हते. विनय सकाळी जातो तो उशिरा येतो, सून कामावर, आणि नातवाला मराठीत विचारलं की उत्तर जपानीत येतं. मावशी एकदा मला भांडी पुसता पुसता म्हणाल्या, "सहा दिवस मी मुकी असते गं. रविवारी वाचा फुटते." मला इतकं भरून आलं की एकच कप मी किती वेळ पुसत बसले.

आणि त्यांनाच विनय दर रविवारी दारात बजावायचा, "आई, आज हळू हं." त्या मान डोलवायच्या. पहिलं कडवं निभवायच्या. दुसऱ्या कडव्याला देव आठवायचा आणि विनय विसरायचा!

*

विनयचंही ऐका. त्याला वचन आलं, ऐकायला तत्पर आणि बोलायला धीमा हो. हा माणूस मीटिंगमध्ये दुसऱ्याचं वाक्य स्वतः पूर्ण करणारा, तेही चुकीचं! पण आईचा नियम, करतो काय? आठवडाभर सगळ्या मीटिंगांत गप्प बसला. कोणी काही म्हणालं की मान हलवायची, थोडं थांबायचं आणि "खरंय" म्हणायचं.

शुक्रवारी साहेबांनी बाजूला बोलावून पाठ थोपटली.

"विनय-सान, तुमची जपानी एकदम सुधारली!"

*

दान देताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे वचन माझ्या नशिबी आलं. मी म्हटलं, बरं झालं, एका दगडात दोन पक्षी. नाताळचा फराळ केलाच होता. त्यातला चिवडा, तिखट कमी घातलेला, एका छान पिशवीत भरला आणि गुपचूप ओगावा-सानांच्या दाराच्या कडीला अडकवून आले. नाव नाही, चिठ्ठी नाही. जिन्यात कोणी पाहिलं नाही. स्वतःवर काय खूश होते मी!

तासाभरात बेल वाजली. दारात ओगावा-सान! हातात कागदात बांधलेला केकचा डबा. वाकून म्हणाले, "आपल्या भेटीबद्दल आभारी आहे."

मी गार. मग सुनीलने नाक वर करून हवा हुंगली. कढीपत्ता आणि हिंगाची फोडणी जिन्याच्या तळापर्यंत पोचली होती. अख्ख्या बिल्डिंगमध्ये अशा वासाचं घर एकच!

मावशींनी साक्ष ऐकली आणि निकाल दिला. "हाताला कळलं नाही गं, पण नाकाला कळलं."

तरी मला आशा होती की चिवडा कामी येईल. कसलं काय! पुढच्या रविवारी दुसऱ्या कडव्याला खालून नेहमीप्रमाणे ठक, ठक.

*

मुलांचा वर्ग डॅनियल घेतो. एकदा त्याने मेंढरं आणि शेरडांचा दाखला सांगितला. शेवटच्या दिवशी राजा सगळ्यांना वेगळं करील, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे, आणि शेरडांना अग्नीत धाडील. डॅनियलने आवाजबिवाज घोगरा करून सांगितलं. मुलं एकमेकांना चिकटून बसली.

आमची ईवा सहा वर्षांची, इथेच जन्मलेली. कचरा वेगळा करणं तिला बाराखडीच्या आधी आलं. जळणारा कचरा म्हणजे 'मोएरु गोमी' एका पिशवीत, प्लास्टिक दुसऱ्या, बाटल्या तिसऱ्या, प्रत्येकाचा वार ठरलेला. तिने हात वर केला.

"डॅनियल अंकल, म्हणजे शेरडं मोएरु गोमी?"

डॅनियलने मान खाजवली. "तसं म्हण हवं तर," म्हणाला.

"मग त्यांचा वार कोणता? मंगळवार की शुक्रवार?"

*

आता शेवटचा सांगते. याच्यावर मी काही बोलणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

त्या रविवारी मावशींनी डब्यातून चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ धरली आणि वाचली. "ठोठावा, म्हणजे उघडलं जाईल." चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधली. मग शेवटचं गीत सुरू झालं. विनयने डोळ्यांनी आईला खूण केली, हळू. पहिलं कडवं हळू झालं. दुसऱ्या कडव्याला मावशींचा आवाज सुटला आणि खालून आलंच. ठक! ठक, ठक!

आमचं गीत तिथेच थांबलं. मी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. आता कंपनीच्या बाईंचा फोन येणार आणि आपली सभा संपणार!

विनय वैतागून म्हणाला, "झालं समाधान? किती वेळा सांगितलं तुला, आई?"

मावशी त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या जमिनीकडे बघत होत्या.

"किती महिने झाले रे, तो माणूस ठोठावतोय?" त्या म्हणाल्या.

"म्हणून तर सांगतोय ना!"

"मग कोणी उघडलं? तुम्ही तर खिडक्या लावल्यात!"

"अगं आई, त्या वचनाचा अर्थ उलटा करतेस तू!"

"तुझा सुलटा अर्थ घेऊन बस तू," असं म्हणून मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. साडीवर स्वेटर चढवला, सपाता घातल्या.

"आई, तुला जपानीचा एक शब्द येत नाही!"

"त्याला तरी कुठं मराठी येतंय? फिट्टंफाट!"

मी म्हटलं, "मावशी, मी येते बरोबर." तर म्हणाल्या, "नको. तो माझा आवाज ओळखतो."

जिन्यावरून त्यांच्या सपातांचा आवाज खाली गेला. बेल वाजली. दार उघडलं. दार लागलं.

वर आमची काय अवस्था सांगू! विनय माफीची जपानी वाक्यं तोंडातल्या तोंडात जुळवत येरझारा घालत होता. सुनील फोन हातात धरून बसला. डॅनियल डोळे मिटून प्रार्थना करत होता, बहुतेक माझ्याही वाट्याची. ईवा मात्र चटया बाजूला सारून जमिनीला कान लावून पालथी पडली आणि बातम्या द्यायला लागली.

"आजी मराठीत बोलते. ओगावा-सान जपानीत बोलतात."

"भांडतायत का?" विनयने विचारलं.

"वाकारानाई," म्हणजे कळत नाही, असं म्हणून ती परत ऐकायला लागली. "कप वाजला... आता कोणीच बोलत नाही."

कोणीच बोलत नाही हे ऐकल्यावर विनय मटकन खालीच बसला. "माझंच चुकलं," म्हणाला. "नगरला गल्लीभर आवाज जायचा तिचा, कोणी काही म्हणायचं नाही. मी इथे आणली आणि मीच तिला गप्प करत बसलो."

त्याचं बोलणं संपतंय तोवर आमच्या पायाखालून आवाज आला. मावशींचा! खणखणीत, सहा दिवसांचा साठलेला, मगाचंच गीत पहिल्यापासून. ओगावा-सानांच्याच घरातून! सुनीलच्या हातातला फोन तसाच हातात.

पहिलं कडवं पार पडलं. धृपद आलं. धृपदाच्या शेवटी आम्ही टाळी देतो, ती जागा आली.

ठक!

ईवा उठून बसली. "आता झाडू बरोबर वाजला," म्हणाली.

खाली दुसरं कडवं सुरू झालं. विनय उठला, माझ्या स्वयंपाकघरात गेला आणि लाटणं घेऊन आला. मग खोलीच्या मधोमध गुडघे टेकून बसला आणि टाळीची जागा येईपर्यंत थांबून त्याने जमिनीवर ठोठावलं.