शेहेचाळीस गुणसूत्रं आणि आमचं दौंड

मास्तरकीत किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते आपोआप अंगावर बसतात. घरी गेलं की बायको झटकते, दुसऱ्या दिवशी परत तेवढेच!

माझे निम्मे किस्से एकाच धड्याचे आहेत. सत्तरच्या दशकात नवा अभ्यासक्रम आला आणि दौंडच्या आमच्या हायस्कुलात जीवशास्त्राच्या पुस्तकात 'आनुवंशिकता' नावाचं प्रकरण येऊन बसलं. पेशीत गुणसूत्रं, गुणसूत्रांवर जनुकं, आणि आईबापांकडून पोराला मिळालेल्या सगळ्या सूचना डीएनएत लिहून ठेवलेल्या. मी फिजिक्सचा माणूस. पण हेडसर म्हणाले, "बुधवारी तुमचा तास मोकळा आहे." एवढ्या पात्रतेवर मी तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला गेलो आणि जीवशास्त्राचा शिक्षक होऊन परत आलो.

या धड्यानं एका घराचं वाटोळं होता होता राहिलं, आणि तेही माझ्या तोंडामुळं. ते घर गुलाबराव ड्रायव्हरचं. त्यांच्यावर येतोच. पण आधी शिडी.

*

प्रशिक्षणात डीएनएचं मॉडेल बघितलं होतं. पीळ घातलेली उंच शिडी. परत आल्यावर आमच्या लॅबचे परिचर साळवेमामा यांना कागदावर काढून दाखवलं. मामांचा हात फार चांगला. बांबूच्या कामट्या, सुतळी आणि रंगीत मणी घेऊन त्यांनी दोन दिवसांत पुरुषभर उंचीची शिडी उभी केली. पीळ इतका सुरेख की मी स्वतः दोनदा जाऊन बघून आलो.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन. संध्याकाळी हेडसर फेरीवर आले आणि शिडीपुढं थांबले.

"साळवे, ही वाकडी झालीय."

"सरांनी वाकडीच सांगितलीवती."

हेडसरांनी माझ्याकडं दयेनं बघितलं. सकाळी येऊन बघतो तर सुतार येऊन गेलेला! शिडी सरळसोट. चार खिळे जास्तीचे.

इन्स्पेक्टरसाहेबांनी ती हलवून बघितली आणि शेरेबुकात लिहिलं, "शैक्षणिक साहित्य मजबूत आहे."

*

प्रशिक्षणातून मी एक रंगीत ठिपक्यांचा तक्ताही आणला होता. तांबूस ठिपके आणि त्यांच्यात हिरवट ठिपक्यांचा आकडा. वर्गाला विचारलं, "किती दिसतात?"

"चौऱ्याहत्तर!" सगळा वर्ग एका सुरात.

"एकवीस," मागच्या बाकावरून दिलीप म्हणाला.

वर्ग हसला. दिलीप हा गुलाबराव ड्रायव्हरचा मुलगा. दहावीत तिसऱ्यांदा बसलेला, मिसरूड फुटलेला, स्वभावानं गरीब. तो उठून तक्त्यापाशी आला, नाक लावून बघितलं आणि मलाच समजावून सांगितलं, "सर, एकवीसच हाय. तुमचा तक्ता बरोबर हाय. ही पोरं येडी हायेत."

मी घाईनं तक्ता गुंडाळला. कारण गुलाबराव वाफेच्या इंजिनाचे ड्रायव्हर, आणि पोराचा लोको शेडात अर्ज गेलेला. आधी क्लीनर, मग फायरमन, मग ड्रायव्हर, असं सगळं आयुष्य ठरलेलं. पेढे कुठल्या दुकानाचे आणायचे तेसुद्धा ठरलेलं. आणि तांबडा-हिरवा न दिसणाऱ्याला इंजिनावर कोण चढवणार?

मी हे गुलाबरावांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मेडिकलला वेळ आहे, असं स्वतःला सांगत राहिलो. भित्रेपणा, दुसरं काय!

*

एकदा वर्गात आकडे सांगत होतो. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं शेहेचाळीस, मेंढीत चोपन्न, बटाट्यात अठ्ठेचाळीस.

बटाट्याला माणसापेक्षा दोन जास्त, हे पोरांच्या पचनी पडेना. एकानं विचारलं, "सर, मोजताना चुकलं असंल का?"

साळवेमामा मागं काचेच्या नळ्या पुसत उभे होते. तास संपल्यावर माझ्याजवळ आले.

"सर, ह्या शेहेचाळीसात जात कितव्या नंबरला असती?"

"ती त्यात नसते, मामा."

"कुठंच?"

"कुठंच."

मामांनी नळी उजेडात धरून बघितली, परत पुसली.

"मग हे परीक्षेला घाला. कंपल्सरी."

घातलं. हेडसरांनी तो प्रश्न ऑप्शनला टाकला.

*

मग माझ्या डोक्यात गृहपाठाचं खूळ शिरलं. जीभ दोन्ही कडांनी वर वळवून नळी करता येते का, हा गुण घराण्यातून येतो, असं तेव्हा पुस्तकात होतं. मी पोरांना सांगितलं, घरच्या सगळ्यांच्या जिभा बघून तक्ता करून आणा.

तिसऱ्या दिवशी यवतचा एक पालक शाळेत हजर. बरोबर बायको, डोक्यावरून पदर. तो माणूस रागानं थरथरत होता.

"माझी जीभ वळत न्हाई. माझ्या बापाची वळत न्हाई. पोराची वळती. काय समजायचं आमी?"

हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं म्हणालो, "अहो, आईकडूनही येतं! त्यांची वळते का बघा ना."

परपुरुषांपुढं जीभ काढायला बाई काही तयार होईना. शेवटी आम्ही दोघं भिंतीकडं तोंड करून उभे राहिलो. मागून नवऱ्याचा आवाज आला, "वळती की!" आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

जाता जाता बाई मला म्हणाली, "सर, चौदा वरसं झाली लग्नाला. जीभ हालव म्हनून पैल्यांदाच सांगितलं ह्यांनी."

*

हेडसरांनी फर्मान काढलं, "यापुढं माणसं नाहीत. वाटाणे!"

बरोबरच होतं. आनुवंशिकतेचा शोध वाटाण्यावरच लागलेला. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून बियाणं आणलं, लॅबमागं वाफा केला. पहिली पिढी उंच आली, शेंगांनी लगडली. दुसऱ्या पिढीत बुटकी झाडं किती निघतात ते मोजायचं होतं.

त्या आठवड्यात स्नेहसंमेलन होतं. उसळ झकास झाली होती. मीही दोनदा घेतली, कबूल करतो.

दुसरी पिढी झालीच नाही.

*

शाळेमागच्या मोकळ्या रानात बिरामामा धनगरांची मेंढरं बसायची. एकदा मी पोरांना घेऊन गेलो. दोन पांढऱ्या मेंढरांच्या पोटी काळं कोकरू कसं येतं, हे तिथंच दाखवू म्हटलं. उभ्या उभ्या अर्धा तास समजावलं. काळ्या रंगाचं जनुक आईकडं लपलेलं, बापाकडंही लपलेलं, दोन्ही एकत्र आली की रंग उघडा पडतो.

बिरामामा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. मग एक काळं कोकरू उचलून म्हणाले, "हे आजीवर गेलंय. ती ल्हान शेपटाची हुती. आन् त्ये पलीकडचं बापाच्या आजीवर."

शंभरेक मेंढरं असतील. त्यांना प्रत्येकीची आजी तोंडपाठ!

"हेच म्हणतोय मी, मामा."

"व्हय? मग हे शिकाया पुन्याला गेलतासा?"

"हो."

"तीन दिस?"

*

आणि मग दिलीपचं मेडिकल झालं. डॉक्टरनं लिहून दिलं, इंजिनावर नाही. ऑफिसात चालेल.

गुलाबरावांनी मला घरी बोलावलं. रेल्वे क्वार्टरच्या पुढच्या खोलीत गुलाबराव खुर्चीत, त्यांची थोरली विधवा बहीण आक्का पलंगावर, दिलीप कोपऱ्यात मान घालून. त्याची आई शेवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात.

"सर, माझे डोळे सिक्स बाय सिक्स," गुलाबराव म्हणाले. "दोन मैलावरचा सिग्नल सांगतो मी. हे आलं कुठनं?"

इथं मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मास्तर! समोर फरशी मोकळी, दारापाशी कोळशाची टोपली. मी कोळसा उचलला आणि फरशीवर एक्स आणि वाय काढले. मुलाला बापाकडून वाय मिळतो आणि आईकडून एक्स. रंग ओळखायचं जनुक असतं एक्सवर. आईला स्वतःला सगळं दिसतं, कारण तिचा दुसरा एक्स सांभाळून घेतो. पण मुलाकडं एकच. म्हणजे ही गोष्ट आली…

"हिच्याकडनं," आक्का म्हणाली.

मी जीभ चावली. उशीर झाला होता.

"मी तवाच म्हनलंवतं, शिरूरची पोरगी नको! पोराचं इंजिन गेलं हिच्यापायी. धाडून दे माहेराला!"

शेवंताबाईंनी पदर तोंडाला लावला. गुलाबराव फरशीवरच्या एक्सकडं बघत राहिले. मी पुसत बसलो तर फरशीवर नुसता काळा डाग पसरला.

"तिला कुठून आलं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तिच्या वडलांकडून असेल," मी म्हणालो. त्या दिवशी मला कुणी आवरायला नव्हतंच.

रविवारी शेवंताबाईंचे वडील आप्पा एसटीनं आले. मलाही बोलावणं होतं, तक्त्यासकट. आप्पा शिरूरचे. चाळीस वर्षं आठवड्याच्या बाजारांतून लुगडी विकलेली. मी भीतभीत विषय काढल्यावर ते हसायलाच लागले.

"सर, माझा जल्म रंगात गेला. मला रंग शिकिवता व्हय?"

मी तक्ता पुढं धरला.

"एकवीस," आप्पा म्हणाले.

"बघा! मी म्हणत नव्हतो?" दिलीप कोपऱ्यातून उडालाच. बिचाऱ्याला इतक्या दिवसांनी कुणीतरी आपलं भेटलं होतं.

पण बाकी सगळ्यांचे चेहरे बघून आप्पांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी तक्ता खाली ठेवला, परत उचलला. मला फार वाईट वाटलं. सत्तरीच्या माणसाला असं कळावं, आणि तेही जावयाच्या घरात.

"मामा, मग धंदा कसा केला हो?" गुलाबरावांनी विचारलं. रागानं नाही, खरंच कळेना म्हणून.

आप्पांनी विचार केला. "रंग गिऱ्हाईकच सांगतंय की. बाई म्हनती, त्यो हिरवा दावा. ती बोट करती त्ये मी काढतो आन् म्हनतो, हा घ्या हिरवा. पुन्याचा व्यापारी गठ्ठा बांधून देतो. मला कंदी निवडायची पाळीच आली न्हाई."

मग थोडं थांबून म्हणाले, "एकदाच निवडला. हिच्या लग्नाचा हिरवा शालू. नवऱ्याकडनं येत असतोय, पन मी म्हनलं, लुगडीवाल्याच्या लेकीला शालू दुसऱ्यानं का आनावा? व्यापाऱ्याच्या दुकानात ढीग पडलेला. पोत बघून मीच वढून काढला. त्यो तरी बराबर हुता."

शेवंताबाई दारातून पुढं आल्या.

"त्यो इटकरी हाय, आप्पा."

"आँ?"

"ट्रंकंत हाय अजून."

"मग नेसलीस कशापायी, बाय?"

"तुमी हौसंनं आनलावता."

आप्पांनी डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि त्याच्याकडंच बघत बसले. गुलाबराव बायकोकडं बघायला लागले.

"मला तर वाटलं," ते म्हणाले, "शिरूरकडं तशीच पद्धत हाय."

आक्का मात्र हटली नाही. "काय बी सांगा! खोट लपवून पोरगी गळ्यात बांधली आमच्या."

शेवंताबाई पहिल्यांदाच नणंदेच्या डोळ्याला डोळा देऊन बोलल्या.

"लपवली कुठं, वन्सं? भर मांडवात नेसून हुभी हुते. अक्षता टाकाया सगळ्यात म्होरं तुमीच हुता."